गुलमर्ग : लहान मुलांना स्कीइंग झेपेल का?

सिडकोकर: जानेवारीत नाशिकहून चौघं निघतोय, मुलं ७ आणि १० वर्षांची. पहिल्यांदा कुठे उतरवायचं त्यांना?

पंचवटीकर: गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, पायथ्याजवळच्या सौम्य उतारांवरच. तिचा अफरवट डोंगरावरचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या पुढे जातो, नवशिक्यांचं तिथे काम नाही. बुटात लोकरी मोजा एकच. दोन चढवले की बूट आवळतो, रक्त अडतं आणि बोटं उलट जास्तच गारठतात. पँट बुटात खोचू नका, चुण्या नडगीला रुततात, वरून सोडा. थांबायचं तर स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा फाकवून.

मेनरोडवाला: बर्फ पडला की खालच्या तंगमर्ग गावापासून चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. गंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिकडे मुकं, पोस्टपेड न्या.