भाऊ तोक्योत एका योगवर्गात अडकलाय. जाऊन घेऊन येऊ का?

ठाण्याची_ताई

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा. दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी तोक्योला गेला, निशी-कासाईत राहतो. सुरुवातीला रोज रात्री आईला व्हिडिओ कॉल करायचा, आमटी पातळ झाली तर काय करू म्हणून विचारायचा. मग स्टेशनबाहेर एका मुलीने त्याला 'तणावाविषयी सर्वेक्षण' म्हणून थांबवलं आणि तिच्या ओळखीने तो रविवारच्या योगवर्गाला जायला लागला. आम्हाला बरंच वाटलं, एकटा पडला होता तो. आता आठवड्यातून चार दिवस तिथेच असतो. गटाचं नाव विचारलं की "वेळ आली की सांगेन" म्हणतो. दिवाळीला आला नाही. गेल्या आठवड्यात बाबांकडे 'पुढच्या पायरीसाठी' तीन लाख मागितले. बाबा नाही म्हणाले, तर म्हणे घरचेच माझ्या प्रगतीच्या आड येताहेत.

बारावीला गणितात पैकीच्या पैकी मार्क होते त्याला. असा मुलगा यात सापडतो कसा? मी व्हिसा काढून ठेवलाय.

गिरगावकर७१

विचार कसला करताय? दोन दणकट माणसं बरोबर न्या, पासपोर्ट ताब्यात घ्या आणि उचलून आणा. इथे आला की आपोआप डोकं ठिकाणावर येईल.

एदोगावाचे_काका

ताई, कृपा करून हे करू नका. सविस्तर लिहितो.

मी १९९१ पासून तोक्योत आहे. निशी-कासाई माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. आमच्या भागातल्या सभागृहात दर शनिवारी योग शिकवायचो. एकोणीस जण यायचे, बहुतेक आज्या. २० मार्च १९९५, सोमवारची सकाळ. ओम शिनरिक्यो या पंथाच्या पाच जणांनी पाच भुयारी गाड्यांत सारिन विषाच्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडल्या. माणसं मेली, हजारो जखमी झाली. त्या शनिवारी माझ्या वर्गाला तिघीच आल्या. 'योग' शब्दाचीच लोकांनी धास्ती घेतली होती. पत्रकावर मी 'पाठीचे व्यायाम' लिहायला लागलो, आणि तो शब्द परत लिहायला मला अकरा वर्षं लागली. तेव्हापासून या प्रकरणाची कात्रणं जमवतोय.

तुमचा प्रश्न, हुशार मुलगा सापडतो कसा. पिशव्या फोडणाऱ्यांतला इकुओ हायाशी हृदयाची ऑपरेशनं करणारा डॉक्टर होता. केन्इची हिरोसे आणि तोरु तोयोदा भौतिकशास्त्र शिकलेले. यातला कुणीही विष पसरवायला म्हणून पंथात गेला नव्हता. १९८४ मध्ये या पंथाचा गुरू शोको असाहारा याने तोक्योच्या शिबुया भागात छोटा योगवर्ग काढला, तिथून हे सुरू झालं. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाला नोकरीत मन लागत नव्हतं. वर्गात आपुलकीने चौकशी करणारी माणसं भेटली. प्राणायामाने अंगात काहीतरी जाणवायचं, आणि ते जाणवणं खरंच होतं. मग अनुभव खरा म्हणजे तो देणारा गुरू खरा, गुरू खरा म्हणजे त्याचं जगबुडीचं भाकीतही खरं. बुद्धी इथे फारशी उपयोगी पडत नाही, उलट शिकलेला माणूस गुरूच्या बोलण्यातली भोकं स्वतःच बुजवत बसतो.

आत गेलेल्याला धरून ठेवायची तऱ्हा आणखी वेगळी. दीक्षा घेताना घरदार, बचत सगळं पंथाला द्यायचं, घरच्यांशी संबंध तोडायचे, नवीन नाव घ्यायचं. नावं कशी, तर मैत्रेय, मंजुश्री मित्र! फुजीच्या पायथ्याशी कामिकुइशिकी गावात ज्या इमारतीत सारिनचा कारखाना उभारला, तिला ते सातवं सत्यम् म्हणत. ज्या शब्दांनी माझी आजी सकाळ सुरू करायची, ते शब्द तिथे होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

१९९० च्या निवडणुकीत पंथाने २५ उमेदवार उभे केले. असाहारासकट सगळे पडले. अनुयायांना काय सांगितलं? मतमोजणीत घोटाळा झाला. पुढे तर सांगायला लागले की बाहेरचे लोक आपल्यावरच विषारी वायू सोडताहेत. भाकीत चुकलं, निवडणूक हरली, आरोप झाले, की प्रत्येक वेळी शत्रू आणखी मोठा करायचा. आणि ज्याने घर, पैसा, आईवडील सगळं देऊन टाकलंय, तो 'माझं चुकलं' म्हणून परत जाणार कुणाकडे?

असाहारासह तेरा जणांना २०१८ मध्ये फाशी झाली. तरी त्यातून निघालेल्या गटांत अजून दीड हजारांच्या आसपास माणसं आहेत. हे गट नाव लपवून सर्वेक्षण, योगवर्ग अशा वाटांनीच तरुणांना गाठतात. ओळख घट्ट झाली की सांगतात, सारिनचं प्रकरण हा दुसऱ्याच कुणाचा कट होता. तुमच्या भावाचा गट त्यातलाच असं मी म्हणत नाही. पण नाव न सांगणारा गट पैसे मागतो आणि घर तोडायला लावतो, एवढं मला काळजी करायला पुरेसं आहे.

उचलून आणण्याबद्दल. इथे एका माणसाला दुसऱ्या एका पंथातून सोडवायला घरच्यांनी बारा वर्षं फ्लॅटमध्ये कोंडून ठेवलं. त्याने विश्वास सोडला नाही. बाहेर आल्यावर घरच्यांवर दावा केला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. घरचे शत्रू आहेत हे त्याला पंथाने शिकवलं असेल, पण पटवून दिलं घरच्यांनीच.

पैसे देऊ नका, पण 'नाही' म्हणताना त्याला लाज वाटेल असं काही बोलू नका. डिसेंबर २०२२ मध्ये इथे कायदा झालाय, भीती घालून घेतलेली देणगी परत मागता येते. पावत्या जपून ठेव म्हणून सांगा. होतेरासु या सरकारी कायदा-मदत केंद्रात परदेशी लोकांना इंग्रजीसह काही भाषांत माहिती मिळते. आणि तुम्ही आलात तर माझ्याकडे उतरा. त्याला जेवायला बोलावू, गटाचा विषय काढायचा नाही.

पूर्वी_आत_होते

काकांशी पूर्ण सहमत. मी चार वर्षं एका गटात होते, महाराष्ट्रातच. आईने रडून, शपथा घालून पाहिलं, भावाने गुरूंचे व्हिडिओ पाठवून चुका दाखवल्या. मी दोघांचेही नंबर ब्लॉक केले. आत्या मात्र दर गुरुवारी फोन करायची. गुरूंबद्दल अवाक्षर नाही. कैऱ्या आल्या, लोणचं घातलंय, तुझी बरणी वेगळी ठेवलीये, एवढंच. ज्या रात्री मला तिथून निघायचं होतं, तेव्हा मला एकच नंबर पाठ होता. पहाटे सव्वाचारला तिने दार उघडलं आणि आधी पाणी दिलं. कुठे होतीस, कशी आलीस, काहीही विचारलं नाही. ते विचारलं असतं तर मी बहुधा परत फिरले असते.

ठाण्याची_ताई

काका, ताई, मी हे सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आत्ता त्याला फोन केला होता. वर्गाचं काहीच काढलं नाही. आज जेवलास काय, एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, गेले तीन दिवस फक्त भात, 'शुद्धीसाठी'. मला ओरडावंसं वाटत होतं, ओरडले नाही. आईने फोन घेतला आणि विचारलं, मेतकूट पाठवू का? हो म्हणाला. पत्ता त्याने नवीन दिलाय, शेअर हाऊसचा. काका, तो तुम्हाला निरोपात पाठवते. तिकीट पुढच्या शुक्रवारचं काढतेय, एकटीच येणार आहे.