करवंटीवर टेकवलं की रोटरी टूल मान टाकतं. मोटर बदलू की सेल?

करवंटीवाली (कुडाळ)

नमस्कार मंडळी. मी करवंटीचे दिवे, पेले, कीचेन करते. घरी वायरवालं रोटरी टूल (कोरायचं-घासायचं, हातात धरायचं छोटं मोटरचं यंत्र) आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जत्रेत किंवा प्रदर्शनात गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि त्याला कीचेनवर नाव तिथल्या तिथे कोरून हवं असतं. प्लग स्टॉलपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून पेनासारखं दिसणारं एक कॉर्डलेस ऑनलाइन मागवलं. खोक्यावर ३.७ व्होल्ट, १८,००० आरपीएम, पाच स्पीड.

मोकळं असलं की मस्त गुणगुणतं. करवंटीच्या पाठीवर बर (कोरायचं फिरतं टोक) टेकवला की आवाज बसत जातो. 'श्री'ची उभी रेघ कशीबशी निघते, वेलांटीच्या वळणावर थांबतंच. हात उचलला की पुन्हा सुरू.

खोलून बघितलं. आत एकच सेल, केसाएवढ्या वायरी, एक छोटं बोर्ड आणि मोटर. मोटरवर नंबर नाही. सेलवर निळं वेष्टण, त्यावर २००० एमएएच एवढंच. भाऊ म्हणतो दोन सेल सिरीजमध्ये टाक, ताकद डबल. व्हिडिओतही तेच दाखवतात. सोल्डरिंग येतं, दिव्यांची वायरिंग मीच करते. मल्टिमीटर आहे. करू का?

नाशिक_वर्कशॉप

उगाच खटाटोप. ड्रेमेल कंपनीचं वायरवालं ३००० मॉडेल १३० वॉटचं आहे, तुमचं हे धरून चाला १०-१५ वॉट. १२ व्होल्टवालं कॉर्डलेस घ्या, विषय संपला.

जुना_फिटर (पुणे)

विषय संपत नाही हो, १२ व्होल्टवाल्याची किंमत बघा आणि एका कीचेनमागे काय सुटतं ते बघा.

ताई, आधी एक सांगा. टूल आवाज खाली आणत आणत थांबतं, की पट्कन बंद पडतं? पट्कन पडत असेल तर बोर्डावरचं संरक्षण सर्किट करंट जास्त झाला म्हणून तोडतंय. तुमच्या लिहिण्यावरून तरी ते हळूहळू बसतंय असं दिसतं. म्हणजे व्होल्टेज वाटेत कुठेतरी सांडतंय. ते कुठे सांडतंय हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. आमच्या कंपनीत नवी पोरं मोटर जळाली म्हणून मोटर मागायला यायची आणि निम्म्या वेळा टर्मिनलचा स्क्रू ढिला निघायचा.

टूल उघडंच ठेवा. फुल स्पीडवर फिरवा, एका जाड लाकडावर बर दाबून जवळजवळ थांबायला आणा आणि त्या क्षणी दोन ठिकाणी डीसी व्होल्टेज बघा: थेट सेलच्या दोन टोकांवर, आणि थेट मोटरच्या दोन पायांवर. दाबायला दुसरं माणूस घ्या, तुम्ही प्रोब धरा. चष्मा लावा. मोकळं फिरतानाचे आकडे घेऊन उपयोग नाही, तेव्हा सगळं गोडच दिसतं.

दोन सेलचा नाद सोडा. तिथलं चार्जिंग सर्किट एका सेलचं, ४.२ व्होल्टला थांबणारं. दोन सेलना ८.४ लागतात. स्पीडचं बोर्डही एका सेलसाठीच केलेलं, ते किती सोसेल याची खात्री नाही. आणि मोटर अडकली की व्होल्टेज दुप्पट म्हणजे करंट दुप्पट, आणि वाइंडिंगमधली उष्णता चौपट. व्हिडिओवाला मोकळी मोटर फिरवून दाखवतो, वेलांटी काढून दाखवत नाही.

करवंटीवाली

भावाला दाबायला बसवलं, त्याचाच सल्ला होता ना. हळूहळूच बसतं, पट्कन नाही. आकडे असे:
मोकळं: सेलवर ३.९५, मोटरवर ३.७.
दाबल्यावर: सेलवर ३.१, मोटरवर २.३.
शेजारी सोनार आहेत, त्यांच्या काट्यावर सेल ठेवला. ३६ ग्रॅम. याला काही अर्थ आहे का?

जुना_फिटर (पुणे)

वजनाला तर मोठाच अर्थ आहे. १८६५० आकाराचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, तुमच्यासारखा) चांगला सेल साधारण ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३६ म्हणजे आत माल कमी भरलाय.

आता आकडे. सेल स्वतःच्या पोटात ०.८५ व्होल्ट खातोय. वायरी आणि बोर्ड मिळून आणखी ०.८. मोटरच्या ताटात उरतंय २.३. दाबल्यावर ५ अँपिअर जातात आणि मोटरचं वाइंडिंग ०.२ ओहमचं आहे असं धरू. मग १ व्होल्ट वाइंडिंगमध्येच जातो आणि फिरायला १.३ उरतात. मोटरवर ३.५ पोचवले तर त्याच दाबाला फिरायला २.५ मिळतील. म्हणजे मोटर तीच, पण त्याच वेलांटीवर फेरे जवळजवळ दुप्पट. मोटरला हात लावायची गरजच नाही.

कामं दोन.

सेल: हाय-डिस्चार्ज, म्हणजे मोठा करंट देणारा १८६५० घ्या. सॅमसंगचा २५आर (२५०० एमएएच, २० अँपिअर) किंवा ३०क्यू (३००० एमएएच, १५ अँपिअर) नावाजलेले आहेत. ९८०० एमएएच छापलेला दिसला तर दुकानातून उतरून या, या आकारात तेवढं बसतच नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल नकोत, ते मोठा करंट द्यायला केलेले नसतात. आणि निकेल पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेलाच मागा. सेलच्या टोकाला थेट सोल्डरिंग गन लावून तापवत बसू नका, आतलं सील आणि पडदा खराब होतो. सोल्डर पट्टीच्या टोकाला करा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. ऑनलाइन घेतलात तर आल्या आल्या पुन्हा सोनाराच्या काट्यावर.

वायरी: सेल ते बोर्ड आणि बोर्ड ते मोटर, सगळ्या काढून २० गेजची सिलिकॉन वायर. आत जागा कमी असते पण सिलिकॉन वायर वळते.

एवढं करून पुन्हा मोजा. अजून बोर्डातच बराच व्होल्टेज जात असेल तर स्पीडचा मॉसफेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) बघावा लागेल. तिथे एओ३४०० सारखा, गेटवर (स्विच उघडणाऱ्या पायावर) २.५ व्होल्ट मिळाले तरी नीट उघडणारा पार्ट हवा. दुकानदार आयआरएफझेड४४एन हातात देईल, घेऊ नका. तो १० व्होल्ट गेटसाठी आहे, एका सेलवर अर्धवट उघडून तापत बसेल. संरक्षण सर्किट मात्र बायपास करायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

मालवणी_गजाली

गो बाय, ह्या सगळा करण्यापेक्षा त्याच सोनाराकडची हँगिंग मोटर बघ मगे. पायाखाली पेडल, हातात हलको दांडो. करवंटी लोण्यासारखी कापता.

करवंटीवाली

काकांनू, ती घरात ठेवायला बरी, पण तिका प्लग लागतोच ना! जत्रेत खंय शोधू?

आणि फिटरकाका, सेल आला. काट्यावर ४५ भरला. वायरी बदलल्या, सिलिकॉन वायर बसवायला आतली प्लॅस्टिकची एक दांडी तासावी लागली. दाबल्यावर आता सेलवर ३.७, मोटरवर ३.३. 'श्री' पूर्ण निघतो, वेलांटीसकट. फक्त सँडपेपरचा ड्रम लावला की अजून दमतं.

जुना_फिटर (पुणे)

३.३ उत्तम. बोर्डाला हात लावू नका.

ड्रमचं दुखणं वेगळं. घासणारी कड मध्यापासून जितकी लांब, तितकं मोटरला जास्त पिळावं लागतं. तुमच्या नाव कोरायच्या बरचं डोकं २ मिलिमीटर असेल, ड्रम १२ चा. तेवढ्याच दाबाला सहापट टॉर्क. पॉलिशिंग घरच्या वायरवाल्यावर उरकून न्या, स्टॉलवर फक्त अक्षरं. बर टंगस्टन कार्बाइडचा, १.५ ते २ मिलिमीटर गोल डोक्याचा. करवंटीची पूड अडकून हिऱ्याचा बर लवकर भरतो आणि मग आपण नकळत दाबतो. भरला तर पितळी ब्रशने साफ करायचा. वळणावर एका दमात खोल जाऊ नका, हलक्या हाताने दोनदा फिरवा.

आणि मास्क लावा. एन९५. गिऱ्हाईक उभं असतं म्हणून लाज वाटते लोकांना, पण ती पूड फार बारीक असते. समोर लहान मूल असेल तर त्यालाही जरा मागे सरकवा.

करवंटीवाली

मास्क आहे. हिऱ्याचाच बर वापरत होते, तो आतापर्यंत भरून गुळगुळीतच झाला असणार. कार्बाइडचा मागवते. सोनारकाका विचारत होते, त्यांच्याकडचा २.३५ मिलिमीटर शँकचा (दांडीचा) बर चालेल का? माझ्या कोलेटवर (बर पकडणाऱ्या चिमट्यावर) २.४ लिहिलंय.

जुना_फिटर (पुणे)

चालेल, तेच माप. कोलेट घट्ट करून बर हाताने फिरवून बघा, टोक डुलत नसेल तर बिनधास्त वापरा. डुललं तर कोलेट काढून आतली पूड फुंकून परत बसवा.