कारागृहातील अनोळखी व्यक्तीला पहिले पत्र लिहिताना

सायंतारा:
कैद्यांशी पत्रमैत्री जुळवून देणाऱ्या एका संस्थेत मी गेल्या महिन्यात नाव नोंदवले आणि दीर्घ मुदतीची शिक्षा भोगत असलेल्या एका व्यक्तीचे नाव व बंदी क्रमांक मला मिळाला. त्यानंतर तीन वेळा पत्र लिहायला बसले आणि तिन्ही वेळा कागद फाडून टाकला. माझ्या मोकळ्या दिनक्रमाविषयी लिहावे, तर त्याच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखे होईल अशी भीती वाटते. आणि तो विषय टाळला, तर लिहिण्यासारखे माझ्याकडे फारसे काही उरतच नाही. त्याचा गुन्हा विचारावा की विचारू नये, हेही कळत नाही. ज्यांनी असा पत्रव्यवहार केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना पत्रलेखक:
मी बारा वर्षांत तिघांशी पत्रव्यवहार केला आहे. सुरुवातीला माझीही हीच अडचण होती, म्हणून मी पहिली काही पत्रे हवामान आणि सदिच्छा यांनीच भरली. अखेर त्या गृहस्थांनी स्वतःच लिहिले की, तुमच्या खिडकीतून काय दिसते ते सविस्तर कळवा, कारण मला अनेक वर्षे एकच भिंत दिसते आहे. तेव्हापासून मी समोरच्या झाडाची पानगळ, त्यावरचे घरटे आणि शेजारच्या मुलाचे सायकल शिकणे असे सगळे लिहू लागलो. तो मुलगा पडला की नाही, हे ते पुढच्या पत्रात आवर्जून विचारत असत.

गुन्हा विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगावेसे वाटले की ती व्यक्ती आपणहून सांगते. मात्र काही गुन्हे तुम्हाला सहनच होणार नसतील, तर तसे संस्थेला आधीच कळवा. पत्रव्यवहार सुरू झाल्यावर मागे फिरण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नेल्सन मंडेला यांना रॉबेन बेटावरील सुरुवातीच्या काळात सहा महिन्यांतून एकच पत्र मिळत असे, तेही 500 शब्दांच्या मर्यादेत, आणि त्यातलाही आक्षेपार्ह वाटलेला मजकूर तपासणीत काढून टाकलेला असे. आज बहुतेक ठिकाणी इतकी कठोर मर्यादा नसली, तरी ज्याला मोजकीच पत्रे येतात तो प्रत्येक पत्र पुन्हा पुन्हा वाचतो. म्हणून ‘जमल्यास भेटायला येईन’ असे वाक्य आपण सहज लिहून जातो, पण तिकडे त्या वाक्यावर दिवस मोजले जातात. जे नक्की करणार आहात, तेवढेच लिहा.

उंबरठा:
मी काही वर्षे आत होतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. पत्रे वाटणाऱ्या कर्मचाऱ्याची पावले दारापाशी थांबतात की पुढे जातात, इकडे आमचे कान लागलेले असत. मला एक बाई पत्र लिहीत असत आणि त्यांच्या पत्रांतला उपदेश मला एकदाही आठवत नाही. आठवते ते हे, की त्यांनी एकदा मला सल्ला विचारला होता. त्यांच्या घरातले एक जुने कपाट ठेवावे की काढून टाकावे, एवढाच प्रश्न होता. आत कधी उठायचे, कधी जेवायचे आणि कधी झोपायचे हे सगळे दुसराच ठरवतो, तुमचे मत कोणीही विचारत नाही. त्या कपाटाचा मी चार दिवस विचार केला आणि मगच उत्तर लिहिले.

त्याआधीच्या पत्रमित्राने काहीही न कळवता लिहिणे बंद केले होते. माझ्या शेवटच्या पत्रात काय चुकले असेल, हे मी कित्येक महिने शोधत राहिलो. त्या बाईंनी मात्र दोन पत्रे आधीच लिहिले की प्रकृतीमुळे आता थांबावे लागेल. वाईट वाटले, परंतु निरोप घेता आला. थांबायचे असेल तर असे थांबा, एवढी कळकळीची विनंती.

नियमवाचक:
व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात लिहितो. पाकिटावर पूर्ण नावाबरोबर बंदी क्रमांक हवाच, आणि प्रत्येक पत्रावर दिनांक व अनुक्रमांक घालावा, म्हणजे मधले एखादे पोहोचले नाही तर दोघांनाही कळते. वकिलाशी होणाऱ्या पत्रव्यवहाराला सामान्यतः संरक्षण असते, पण तुमचे पत्र कर्मचारी उघडून वाचू शकतात, हे गृहीत धरा. त्यामुळे चालू खटल्याविषयी काहीही लिहू नका. सुगंधी कागद, चिकटचित्रे आणि चमकी अनेक कारागृहांत नाकारली जातात. अमेरिकेतील बऱ्याच कारागृहांत तर आता मूळ पत्र हाती देतच नाहीत, त्याची स्कॅन केलेली प्रत देतात, म्हणून गडद शाईने आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहिणे चांगले. परतीचा पत्ता संस्थेचा द्यावा, आणि पैशांची मागणी झाल्यास काय करायचे हे संस्थेला आजच विचारून ठेवावे.

आपण नियमबाह्य काही करतो आहोत का, अशी शंका काहींना असते. कैद्यांना कसे वागवावे याविषयी संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांतील 58 वा नियम सांगतो की आवश्यक देखरेखीखाली कैद्याला कुटुंबीयांशी आणि मित्रांशी नियमित पत्रव्यवहार करू द्यावा. 107 वा नियम तर त्याच्या पुनर्वसनाला पोषक असे बाहेरचे संबंध टिकवण्याबरोबरच नवे जोडण्यासाठीही साहाय्य करावे, असे म्हणतो. ‘नवे जोडणे’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात, कारण ज्याचे सगे दुरावले आहेत, त्याच्याकडे टिकवण्यासारखे कोणी उरलेलेच नसते.

सायंतारा:
सर्वांचे मनापासून आभार. आज चौथ्यांदा बसले आणि दीड पान लिहून झाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लिहीन, असे कळवले आहे. दर आठवड्याला असे लिहिले होते, ते उंबरठा यांचे उत्तर वाचून खोडले. माझ्या खोलीत सकाळचे ऊन कुठपर्यंत येते हे लिहिले, आणि तिथे एकच रोप ठेवता येईल एवढी जागा आहे, तर फुलांचे ठेवावे की नुसत्या पानांचे, असे त्याला विचारले आहे. उत्तर येईपर्यंत ती जागा रिकामी ठेवणार आहे.