आजारपण सरत नाही. देवाची प्रीती आपल्यावर आहे हे कशाच्या आधारावर मानावे?

प्रश्न : नेरुळचा सभासद

सर्वांना सलाम. माझी पत्नी गेली तीन वर्षे डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, अशी आमची नेरुळ ते वाशी ये-जा चालू असते. पाणी मोजून प्यायचे असल्यामुळे तिच्या दिवसभराच्या वाट्याचे पाणी मी सकाळीच एका तांब्यात काढून ठेवतो आणि ते रात्रीपर्यंत पुरवताना तिची होणारी तगमग पाहतो. त्यातच ठाणे-बेलापूर पट्ट्यातला माझा कारखाना दिवाळीनंतर बंद पडला. हेही निभावले असते. परंतु मागच्या महिन्यात आमच्याच घरी झालेल्या प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, "कबूल न केलेले एखादे पाप असेल, शोधून पाहा," असे तिच्या तोंडावर सांगितले, आणि तेव्हापासून ती उपासनेला येत नाही.

देव प्रीती आहे, हे वचन मी शब्बाथशाळेत पाठ केले आहे आणि ते खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. प्रश्न एवढाच की, ती प्रीती आमच्या घरावर आहे, याची खात्री कशावरून धरायची? मनाला तसे मुळीच वाटत नसताना धरलेली खात्री ही स्वतःचीच फसवणूक ठरत नाही काय?

उत्तर 1 : निवृत्त शिक्षक, ठाणे

त्या गृहस्थांच्या बोलण्यापासून सुरुवात करतो, कारण खरी जखम तिथे आहे. रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण विभक्त करील, असे विचारून प्रेषित पौल क्लेश, आपत्ती, छळणूक, उपासमार, नग्नता, संकट आणि तलवार अशी सात नावे घेतो. दुसऱ्या करिंथकरांस पत्राचा 11वा अध्याय शेजारी ठेवून पाहिले तर कळते की, शेवटची तलवार सोडल्यास बाकीचे सर्व त्याने आधीच अंगावर घेतलेले होते. फटके, दगडमार, तीन वेळा फुटलेले तारू, भूक आणि उघडेपणा. तलवारही पुढे रोममध्ये त्याच्या वाट्याला आली, असे मंडळीची परंपरा सांगते.

ही यादी देऊन झाल्यावर तो लगेच 44व्या स्तोत्रातली एक ओळ उद्धृत करतो, आणि आपण ती सहसा घाईने ओलांडतो. त्या स्तोत्रातले लोक देवाला सांगतात की, हे सर्व आमच्यावर आले, तरी आम्ही तुला विसरलो नव्हतो. दुःख आले म्हणजे पाप असलेच पाहिजे, ही समजूत जिथे साफ नाकारलेली आहे, नेमके तेच स्तोत्र पौलाने निवडले आहे. आपल्या पत्नीला हे अवश्य वाचून दाखवावे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. रोमकरांस पत्राच्या त्याच अध्यायातल्या 37व्या वचनात पौल, ज्याने आपल्यावर प्रीती केली त्याच्या योगे आपण 'ह्या सर्व गोष्टींत' विजयी ठरतो, असे म्हणतो. त्या गोष्टींतून सुटल्यावर, असे म्हणत नाही. शिवाय 'ज्याने आपल्यावर प्रीती केली' हा भूतकाळ आहे आणि त्याचा रोख वधस्तंभाकडे आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, हे त्याच पत्राच्या 5व्या अध्यायात आलेले आहे. म्हणजे ह्या खात्रीचा पुरावा, येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या पंतय पिलाताच्या काळात, घडून गेलेला आहे. ह्या महिन्याच्या रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर किंवा आपल्या आजच्या मनःस्थितीवर तो अवलंबून नाही. म्हणूनच, मनाला वाटत नसताना त्या पुराव्याला धरून राहणे ही फसवणूक आहे, असे मी मानत नाही.

उत्तर 2 : ऐरोलीची परिचारिका

मी डायलिसिस विभागात काम केले आहे, म्हणून आधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. बरे झाल्याचे भाकीत ऐकवून कोणी डायलिसिस थांबवायला सांगितले, तर कृपा करून ऐकू नका. आणि ताईंचे घराबाहेर न पडणे केवळ त्या बोलण्यामुळे आहे असे समजू नका. ह्या रुग्णांमध्ये नैराश्य पुष्कळ आढळते, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात आजारी लाजराच्या बहिणींनी येशूला पाठवलेला निरोप, ज्याच्यावर तुझी प्रीती आहे तो आजारी आहे, एवढाच होता. ह्या एका वाक्यात प्रीती आणि आजार शेजारी शेजारी आहेत आणि त्या बहिणींना त्यात काही विसंगत वाटत नाही. येशू मात्र आणखी दोन दिवस तिथेच थांबला. ते दोन दिवस त्या घराने कसे काढले असतील, हे रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यालाच कळते. पुढे लाजराच्या कबरेपाशी तो रडला, हे मला त्याच्या उशिरापेक्षा जास्त आठवते.

गुरुवारी मला सुट्टी असते. त्या दिवशी ताईंची पाळी असेल तर चार तास मी बसते, आपण घरी जाऊन झोप घ्या.

उत्तर 3 : कळव्याहून

गुरुजींचे विवेचन मला मान्य आहे, तरी एक भीती वाटते की, असे नीट रचलेले उत्तर हाती दिले की दुःखी माणसाला बोलायला जागा उरत नाही. 88वे स्तोत्र अंधारातच संपते, त्यात दिलाशाची ओळ शेवटपर्यंत येत नाही, आणि तरीही ते देवाला उद्देशून म्हटलेले आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री मुकाट्याने जमिनीवर बसले, तोवर सगळे ठीक होते. ते बोलू लागले आणि बिघडले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्याकडे नेहमी विजयाची कथा म्हणून सांगतात. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, मग भाऊ, 1882 साली पती, आणि 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडले नाही. मनोरमा गेल्यानंतर त्या आठच महिने जगल्या. त्या महिन्यांत मनाला काय वाटत होते, ह्यावर त्यांची श्रद्धा मोजण्याचा अधिकार मला तरी नाही, आणि आपल्या पत्नीच्या बाबतीत तो कोणालाच नाही.

नेरुळचा सभासद

आपणा सर्वांचा आभारी आहे. काल यंत्र चालू असताना तिच्या खुर्चीशेजारी बसून 44वे स्तोत्र वाचले. 'आम्ही तुला विसरलो नव्हतो' हे 17वे वचन तिने पुन्हा वाचायला लावले, थोडा वेळ नळीकडे पाहत राहिली आणि मग विचारले, "हे त्या काकांना कोणी वाचून दाखवले आहे का?" उपासनेचा विषय मी काढला नाही.

बाई, तिची पाळी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी, दुपारी एक वाजता असते. गुरुवारी आपण आलात तर बरे होईल. तांब्या मी बरोबर देईन. त्यात खुणेपर्यंतच पाणी असेल.