मदत हवी आहे : घर-जमिनीतील गुंतवणूक शिकण्यासाठी कोणते जोडकाम धरावे?

नमस्कार मंडळी,

मी चिंचवडमधील एका खासगी कंपनीत लेखा विभागात नोकरी करतो. काही वर्षांनी तळेगावच्या बाजूला भाड्याने देण्यासाठी एखादी लहान सदनिका घेण्याचा विचार आहे. त्याआधी शनिवार-रविवार असे काम करावे म्हणतो, ज्यात दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण मालमत्तेचे कागद वाचता येतील आणि भाड्याचा व्यवहार आतून कळेल.

‘एजंट हो’ हा सल्ला सर्वांनीच दिला. मात्र नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिकांच्या विक्रीत मध्यस्थी करण्यासाठी महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. त्याची तयारी आहे. पण कमिशनवर नजर ठेवून विकणाऱ्याची बाजू मांडण्याची सवय लागली, तर घेणाऱ्याच्या नजरेने पाहणे जमेल का, याची मला शंका वाटते.

दुसरा पर्याय भाडेकरार नोंदवणाऱ्या एका परिचितांच्या हाताखाली काम करण्याचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व ती जबाबदारी घरमालकाची असते, त्यामुळे त्यांना कामाची वानवा नाही. एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. वयस्कर मालकांचा अंगठा यंत्रावर उमटेना, म्हणून हात पुसून, बोटे बदलून खटपट चालली होती आणि तेवढ्या वेळात अनामत किती, सोसायटीचा देखभाल खर्च कोणी भरायचा, रंगकामाचे पैसे कापायचे की नाही, यावर दोन्ही पक्षांची घासाघीस झाली. हे कोणत्याही वर्गात शिकवत नसावेत. (अशा ठिकाणी कानावर पडलेले भाड्याचे आकडे स्वतःच्या खरेदीसाठी वापरणे योग्य आहे का, हेही अनुभवी लोकांनी सांगावे.)

मन ओढ घेते ते मात्र तिसऱ्या कामाकडे, म्हणजे वकिलांसाठी सर्च रिपोर्टची (जुन्या नोंदी तपासून मालमत्तेची मालकी निर्वेध आहे का, हे सांगणाऱ्या अहवालाची) प्राथमिक माहिती काढण्याकडे. तीस वर्षांच्या सूची क्रमांक २ च्या (नोंदवलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या) नोंदी लावणे, सातबारा आणि फेरफार (हक्कबदलाची नोंद) जुळवणे, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजा (कर्जासारखा भार) उतरला आहे की नाही ते पाहणे, हे काम लेखापालाच्या स्वभावाला मानवणारे आहे. सोसायट्यांचे हिशेब लिहिण्याचे कामही सहज मिळेल, परंतु तेच मी दिवसभर करतो.

माझे प्रश्न असे आहेत : कायद्याची पदवी नसलेल्या माणसाला वकील सर्चच्या कामात मदतनीस म्हणून घेतात का, आणि त्यांच्याकडे विचारणा कशी करावी? तेथे दाद लागली नाही, तर भाडेकराराचे काम धरावे की एजंटची परीक्षा द्यावी? शिवाय माझ्या नेमणूकपत्रात दुसरे काम करण्यास पूर्वपरवानगी घ्यावी, अशी अट आहे. ज्यांनी अशी परवानगी मागितली आहे, त्यांनी अर्जात कामाचे स्वरूप कसे मांडले, ते कळवल्यास आभारी राहीन.