शॉर्टवेव्हवर आकडे आणि मधेच खरखर, हे उलगडता येतं का?

रातकिडा: काल रात्री नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या ऑनलाइन रेडिओ रिसीव्हरवर शॉर्टवेव्ह चाळत बसलेलो, तर एका जागी एक बाई स्पॅनिशमध्ये पाच-पाच आकडे वाचत होती, मग मोडेमसारखी खरखर, मग परत बाई. शोधलं तर क्यूबाचं एचएम01 निघालं, म्हणजे हेरांना आकड्यांत गुप्त निरोप पाठवणारं स्टेशन. ती खरखर डिजिटल डेटा असेल तर कॉम्प्युटर लावून फोडता येईल ना? आणि आपण स्वतः असं काही पाठवू शकतो का?

खरखरप्रेमी: खरखरीचा मोड आरडीएफटी, म्हणजे आवाजातून फाइल पाठवायची पद्धत. हॅमवाल्यांनी (हौशी रेडिओवाल्यांनी) फोटो पाठवायला वापरलेला, त्यामुळे डिजीटीआरएक्स नावाच्या सॉफ्टवेअरने फाइल आरामात निघते. पण आत परत गिचमिडच! डिजिटलमुळे फक्त वेग वाढला, खरं कुलूप वन टाइम पॅडचं, म्हणजे रँडम आकड्यांची वही, जी फक्त पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडेच असते. समजा मजकुराचे आकडे 38214 आणि पॅडच्या पानावर 90567, तर बेरीज करायची पण हातचा धरायचा नाही, आलं 28771. पान खरंच रँडम असेल, गुप्त राहिलं आणि एकदाच वापरलं तर जगातला कुठलाच कॉम्प्युटर हे फोडू शकत नाही, गणितज्ञ क्लॉड शॅननने 1949 मध्ये गणिताने सिद्ध केलंय. सोव्हिएत लोकांनी 1942 मध्ये पॅडची पानं डबल छापली आणि तिथेच व्हेनोनात (सोव्हिएत मेसेज फोडायच्या अमेरिकन मोहिमेत) अमेरिकनांच्या हाती लागले.

रातकिडा: मग इंटरनेट असताना रेडिओ कशाला?

जुना_ऐकणारा: कारण ऐकणाऱ्याचा माग राहत नाही. ईमेल कोणी उघडला ते कळतं, रेडिओ कोणी लावला ते कसं कळणार? ॲना माँटेस बघ, अमेरिकन लष्करी गुप्तचर खात्यात बसून क्यूबासाठी काम करायची, साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर आकडे घ्यायची आणि लॅपटॉपमध्ये टाइप करून उलगडायची. 2001 मध्ये पकडली. लॅपटॉपवरून पुसलेला मजकूर एफबीआयने परत मिळवला होता, म्हणजे हवेतला मेसेज कोणी फोडलाच नाही, घरातली डिस्क बोलली. मला तरी यातलं शिकण्यासारखं हेच वाटतं.

खरखरप्रेमी: आणि पाठवायचं म्हणशील तर हॅम बँडवर अजिबात नको. अर्थ लपवायला कोड वापरायचा नाही हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, लायसन्स असलं तरी. करूनच बघायचं असेल तर दहा बाजूंच्या फाशांनी पॅड बनव, दोनच कॉपी, एका लॅपटॉपच्या स्पीकरसमोर दुसऱ्याचा माइक धर आणि खरखर ऐकव. एक आकडा चुकीचा आला की एखादं अक्षरच बिघडतं पण एक आकडा गळाला तर पुढचं सगळं सरकतं, म्हणून तर ती बाई पाच-पाचचे गट करून वाचते.