ट्रेलरचा टायर बसला तर जॅक कुठे लावायचा?

नमस्कार मंडळी,
आम्ही नुकताच दोन अ‍ॅक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय. वाटेत टायर बसला तर कोपऱ्यांवरचे स्टॅबिलायझर जॅक खाली करून ट्रेलर उचलता येतो का? की गाडीतला जॅक पुरतो? स्वतः चाक बदललेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

———

ताई,
स्टॅबिलायझरने अजिबात उचलू नका. आपण आत वावरताना ट्रेलर हलू नये, एवढंच त्यांचं काम. वजन टाकलं की ते वाकतात आणि चेसिसलाही पीळ बसू शकतो. गाडीतला जॅक उंचीला आणि ताकदीला बहुधा कमी पडतो, म्हणून पुरेशा क्षमतेचा बॉटल जॅक वेगळा ठेवा.

तो लावायचा चेसिसच्या लोखंडी बीमखाली, चाकांच्या लगत, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. अ‍ॅक्सलच्या नळीखाली नको. नळी जराशी जरी वाकली तरी चाकाचा कोन बिघडतो, मग टायर एकाच कडेने झिजत राहतात आणि कारण बरेच दिवस कळतच नाही.

ट्रेलर गाडीला जोडलेलाच राहू द्या, हँडब्रेक ओढा आणि पलीकडच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. आत कुणीही नको, मुलं तर नकोतच. नट मात्र चाक जमिनीला टेकलेलं असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या. चाक अधांतरी असताना पान्यावर जोर दिलात तर ट्रेलर जॅकवरून सरकू शकतो. जॅकखाली जाड फळी हवी. मऊ मातीत आणि उन्हाने तापलेल्या डांबरातही तो रुततो. हवा भरलेली स्टेपनी बसलेल्या टायरपेक्षा मोठी असते, तेव्हा थोडं जास्त उचलावं लागेल. शेजारी जॅक स्टँड लावा आणि काही झालं तरी ट्रेलरखाली शिरू नका.

———

काकांनी लिहिलंय ते अगदी बरोबर. दोन अ‍ॅक्सल असतील तर त्याच बाजूचं चांगलं चाक रॅम्पवर चढवूनही काम होतं, पण प्रत्येक ट्रेलरवर नाही. काहींमध्ये दोन स्प्रिंगांमधला इक्वलायझर (दोन्ही अ‍ॅक्सलवर भार वाटणारा फिरता सांधा) फिरतो आणि पंक्चर चाक पुन्हा खाली टेकतं. घरीच एकदा करून बघा.

ताई, अजून एक. एक टायर बसला की त्याचा भार शेजारच्या टायरवर जातो, त्यामुळे तोही नीट तपासा. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) आवळा. अर्धा इंची बोल्टला साधारण ९० ते १२० फूट-पाउंड लागतात, पण आकडा मॅन्युअलमधलाच धरा. नंतर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा तपासा. नव्याने बसवलेल्या चाकाचे नट सैल पडतात, आणि हे थांबणंच लोक टाळतात.

———

दोघांचेही मनापासून आभार. मॅन्युअल काढलं, जॅकची जागा सापडली. रविवारी आम्ही सपाट जागी एकदा चाक काढून बसवून बघतो. कुणाकडे टॉर्क रेंच असेल तर तेवढ्यापुरता मिळेल का?